टपावरचं जू

भाऊ, तुझी ती दोन जुवं आमच्या मोटारीच्या टपावर अजून तशीच बांधलेली आहेत. शहाद्याच्या बाजारातून मोटार निघाली की माणसं वळून वळून बघतात. परवा पेठेत एकाने ह्यांना थांबवून विचारलंच, "भाई, जू दिखस, बैल कथा गयात?" ह्यांनी मोटार पुढे काढली. तुझे पाव्हणे कधी बोललेत का? मला मात्र इतकं हसू आलं, की कधी एकदा माहेरी, प्रकाशाला येते आणि तुला सांगते असं झालं. पायात चपला घातल्या आणि मग आठवलं. दारातच बसले.

म्हणून लिहिते आहे. गेलेल्या माणसावर लिहितात तेव्हा तो किती मनमिळाऊ होता, किती परोपकारी होता असं लिहायची रीत आहे. ते दुसऱ्या कुणाकडून लिहवून घे. तू मनमिळाऊ बिळाऊ काही नव्हतास. एक नंबरचा हट्टी होतास, समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत मान हलवायचास, आणि आपलं एक भांडण अर्ध्यावर टाकून निघून गेलास. दोघंच आपण भावंडं, तू थोरला, मी धाकटी. मग हे भांडण आता मी कुणाशी मिटवू?

तापी आपल्या मागच्या दाराशी. चार पायऱ्या उतरल्या की पाणी. मला पोहायला तूच शिकवलंस, पाठीला वाळका भोपळा बांधून, आणि एक दिवस मला न सांगता भोपळा सोडून घेतलास. मी बुडत नाही हे कळल्यावर मी तुला पाण्यातच एक ठेवून दिली होती. मग मी न्हाती-धुती झाले आणि आईने सांगितलं, आता घाटावर जायचं ते फक्त धुणं घेऊन. मी दगडावर धुणं आपटत बसायची आणि तू समोर मधल्या खडकापर्यंत पोहून यायचास. मी रडले की म्हणायचास, "रडू नको वं जमने, मी मोठा व्हसू ना, तुले मन्हा हातनी नाव करी दिसू." मोठा झालास की स्वतःच्या हाताने मला होडी करून देणार होतास. पोरं असं बोलतात आणि विसरतात. तू विसरला नाहीस, तिथेच सगळं सुरू झालं.

तू फौजेत गेलास तेव्हा मी लग्नाला उभी राहिलेली पोर होते. लढाई संपली, तू परत आलास तोवर माझ्या कडेवर एक आणि पदराला एक. तू ट्रंकेत काय आणलंस? कुणी घड्याळ आणलं, कुणी लोकरी ब्लँकेट. तू एक कल्पना घेऊन आलास. तिकडे आसामकडे कुठल्याशा नदीत साहेब लोक कापडाच्या होड्या चालवताना तू पाहिले होतेस. तिला कयाक म्हणतात म्हणालास. गोठ्यात बसून बांबूच्या कामट्या तासल्यास, त्या वाकवून बांधल्यास, वरून तंबूचं जाड कापड ताणलंस आणि त्याला डांबर फासलंस. लांबोडकी, दोन्ही टोकांना निमुळती, वरून झाकलेली. मधे एक गोल भोक, त्यात माणसाने कंबरेपर्यंत शिरायचं, आणि दोन्हीकडे पातं असलेलं एकच वल्हं. घाटावरचे भोई बघायला जमले. त्यातला एक म्हातारा सगळीकडून फिरून बघून म्हणाला, "पाटील, हाईमा बसानं शे, का हाई नेसानं शे?" गावाने तिचं नाव सुसर ठेवलं. तू त्या सुसरीत शिरलास आणि भोयांच्या नावेच्या पुढून असा सळसळत निघून गेलास, की म्हाताऱ्याने तोंडातली विडी काढून हातात धरली.

त्यानंतरच्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी आले. आपल्या खानदेशात सासरी गेलेली लेक आखाजीला माहेरी येतेच, झोक्यावर बसते, गाणी म्हणते. तू मला झोक्यावरून उतरवून गोठ्यात नेलंस. सुसरीच्या शेजारी दुसरी होडी. जरा आखूड, जरा अरुंद, डांबराचा वास अजून ओला. म्हणालास, "हाई तुन्ही."

माझ्या तोंडातून शब्द फुटला तो भलताच. "भाऊ, तुन्हं डोकं फिरी गे का? शहादाना घरनी सून मी, घाटवर नाव हाकसू? लोके काय म्हनतीन?"

तू त्याचाही विचार करून ठेवला होतास. "आठे कसाले? तोरणमाळले जासूत. डोंगरवर एवढा मोठा तलाव शे, तठे कोन देखस तुले?"

मी लगेच आत पाय घालायला निघाले तर ओरडलास. कोरड्यावर बसायचं नाही, खाली पाणी नसलं की अंगाच्या भाराने कामट्या मोडतात. म्हणून मी नुसता हात फिरवला. पुढे दर आखाजीला मी तेवढंच करत आले. झोका झाला की गोठ्यात जायचं, होडीवरून हात फिरवायचा.

तोरणमाळपर्यंत होड्या न्यायच्या कशा, हा प्रश्न होता. बैलगाडीने घाट चढायचा म्हणजे सगळी आखाजी वाटेतच जाणार. तेवढ्यात ह्यांची कापसाच्या जिनात भागीदारी झाली आणि ह्यांनी सुरतेहून ती जुनी काळी मोटार घेतली. तुला आनंद झाला तो मेव्हण्याला मोटार आली म्हणून नाही, हे काय मला कळत नाही? तू मोटारीचं इंजिन बघितलं नाहीस, गादी बघितली नाहीस. आल्या आल्या टपावरून हात फिरवलास. टप गुळगुळीत, कडेने पावसाचं पाणी जायला बारीकशी पन्हळ. तू म्हणालास, वर दोन दांड्या आडव्या हव्यात, त्यांनी ह्या पन्हळीला दोन्हीकडून घट्ट धरलं पाहिजे, की झालं काम. झालं काम! त्या दोन दांड्यांनी आपली किती वर्षं खाल्ली, भाऊ.

सुरतेच्या दुकानात तयार कॅरियर होता. हे सांगतात, तू तो हातात घेऊन उलटा केलास, नखाने खरवडलास, वास घेतलास आणि किंमत ऐकून परत ठेवलास. वर दुकानदाराला सुनावलंस, "नळ्या आन बोल्ट, दुसरं काय शे यामा? चांदीनं पानी देयेल शे का?" तू कंजूस नव्हतास. बहिणीला साडी घेताना तू कधी भाव केला नाहीस. पण दुकानात वस्तू दिसली की तुझे हात शिवशिवायचे, ही तर मीच करीन, फुकटात करीन. त्या दिवशी तो कॅरियर घेतला असतास ना, तर त्याच आखाजीला आपण तलावावर असतो. हे मी तुला हजारदा म्हटलं असेन आणि तू हजारदा मान हलवलीस.

मग आली लोहाराची स्वारी. जन्मभर वखराच्या पासा आणि गाडीच्या धावा ठोकलेला माणूस. त्याला काय ठाऊक मोटारीचं अंग केवढं नाजूक असतं! त्याने असं लोखंड जोडून दिलं की वर हत्ती बसला असता. चौघांनी मिळून चढवलं. शहाद्याहून प्रकाशाला येईपर्यंत चाकोरीच्या खड्ड्यांनी टप मधे खचला आणि एका बाजूची पन्हळ वाकडी झाली. ह्यांनी टपावरून बोट फिरवलं, आत गेले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "लोखंड काढा." तू मला बाजूला घेऊन म्हणालास, पाव्हणे रागावले वाटतं. वाटतं? अरे, त्या माणसाने आंब्याचा रस नको म्हटला होता!

त्यानंतरच्या आखाजीला बांबू. हे मात्र मला पहिल्यापासून पटलं होतं, हलके आणि फुकटचे. दोन जाड बांबू, खाली गोणपाटाच्या घड्या, पन्हळीत अडकवायला लोखंडी आकडे. दोन्ही होड्या वर पालथ्या घातल्या. आणि मग तू अंबाडीचा दोर घेतलास आणि बैलांच्या डोणीत बुडवलास.

ते मी डोळ्यांनी बघितलं. तेव्हा मलाही काही वाटलं नाही, कारण आपल्या घरात गाडी भरताना दोर भिजवूनच बांधतात. बापू तसंच करायचे, त्यांचे बापूही तसंच करत असतील. ओल्या दोराची गाठ पक्की बसते. मी सांजोऱ्यांचा डबा मांडीवर घेऊन मागे बसले, तू पुढे. वैशाखाचं ऊन चढत होतं आणि तू मागे वळून वळून मला वल्हं कसं धरायचं ते शिकवत होतास, हातात वल्हं नसताना. डोंगर जवळ दिसायला लागले. तुझा चेहरा मला अजून दिसतो. लग्नात नवरदेव म्हणून बसला होतास तेव्हा सुद्धा तू एवढा खूश नव्हतास.

आणि वर खरडल्यासारखा आवाज आला. आधी बारीक, मग मोठा. ह्यांनी ब्रेक दाबला आणि माझी होडी काचेवरून, बॉनेटवरून घसरत रस्त्यावर जाऊन पडली. कामट्या मोडल्याचा आवाज मी आत बसून ऐकला. तू उडी मारून उतरलास, गुडघ्यावर बसलास आणि पडलेलं वासरू चाचपावं तशी ती चाचपत राहिलास. मला हसू फुटलं. मला वाईट वाटलं की आधी हसूच फुटतं, हे तुला ठाऊक होतं, तरी त्या दिवशी तू माझ्याकडे असं बघितलंस की मी पदर तोंडात कोंबला.

तिथेच, भर रस्त्यात, आपलं भांडण जुंपलं.

"बांबू गोल शे," तू म्हणालास. "गोलवर काही ठरस का? दांडी चपटी पाहिजे व्हती."

"बांबू कसाले बदनाम करस? दोर सैल पडना. हात लाई देख, खडखडीत वाळेल शे. तू तो वल्ला बांधा."

"वल्लाच बांधतस! बापू बी वल्लाच बांधेत."

"बापू गाडी बांधेत, मोटार नही!"

"तुले काय समजस यामातलं?"

मला काय समजतं? धुणं वाळत घालायची दोरी मी रोज बघते, भाऊ. भिजली की आखडते, वाळली की ढिली पडते. गाडी बैलांच्या पावलाने जाते, वाटेत थांबते, गाडीवान उतरून दोर पुन्हा आवळतो. मोटार कुठे थांबते? वर ऊन, समोरून वारा, आपण शहादा सोडायच्या आत तो दोर पापडासारखा वाळला असणार. हे सगळं मी तिथे उभी राहून सांगितलं. तू मान हलवलीस. हे मोटारीला टेकून उभे होते, मधे पडले नाहीत. मोटार वळवली आणि आपण परत आलो. सांजोऱ्या कुणी खाल्ल्या ते मला आठवत नाही.

तू होडी दुरुस्त केलीस, होती तशीच, त्याच मापाची. पण बांबूवरचा राग काही गेला नाही. तुझं एकच चालू राहिलं, दांडी बदलायची. मोडक्या बाजेचे गाते, बाजूचे लांब दांडे, लावून बघितलेस, फळ्या लावून बघितल्यास. मधे आईचं आजारपण आलं, ती गेली. महाराष्ट्र झाला त्या साली कापूस पाण्यात गेला. एका आखाजीला मोटार बंद, एका आखाजीला माझीच सासू अंथरुणाला. दर वर्षी मी झोक्यावरून उतरून गोठ्यात यायची आणि तू नव्या दांडीची नवी गोष्ट सांगायचास. निरोप देताना ठरलेलं वाक्य, "पुढली आखाजीले जासूत, पक्कं."

एकदा मी चिडले. म्हटलं, खड्ड्यात गेलं तोरणमाळ, मागे नदी आहे ना, मी तिथेच बसते. तू ताडकन उठलास आणि दार अडवून उभा राहिलास. "तठे सारं गाव देखस. तुले नावं ठेवतीन आन मी ऐकी लिसू का?" मला माझ्या अब्रूची तेवढी पर्वा नव्हती, जेवढी तुला होती. पण त्या दिवशी दारात उभा असलेला तू मला इतका आवडलास, की मी गुपचूप आत जाऊन भाकरी थापायला बसले. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. अशी वाक्यं आपल्याकडे बहीण भावाशी बोलत नाही, नुसती ओवाळते.

गेल्या पोळ्यानंतर तुला जू सुचलं. बापूंच्या वेळच्या गाड्या मोडल्या, बैल गेले, पण त्यांची दोन जुवं गोठ्याच्या भिंतीवर टांगलेली होती. वहिनी दर पोळ्याला त्यांना हळदकुंकू लावते. तू ती उतरवलीस तेव्हा वहिनीने केवढा गहजब केला! मी तेव्हा तिथेच होते.

"बापूनं जू शे ते! बैलसनी मान लागेल शे त्याले, आन तुम्ही मोटारना डोकावर ठेवी ऱ्हायनात?"

"मोटार बी वझं वढसच ना," तू म्हणालास. "तिले बी लाव कुंकू."

आणि लावायला लावलंस! वहिनी फणफणत आली आणि मोटारीच्या नाकावर कुंकवाचं बोट टेकवून गेली.

खरं सांगते, भाऊ, ती जुवं तिथे अशी शोभली की त्यांचा जन्म त्यासाठीच झाला असावा. खालून चपटी, वापरून वापरून गुळगुळीत झालेली, लांबीला बरोबर टपाएवढी. बैलाची मान अडकवायला ज्या खुंट्या घालतात, त्या शिवळांची भोकं दोन्ही टोकांना आयती, त्यातून दोर ओवला की सरकायची सोयच नाही. पन्हळीला लागू नये म्हणून खाली जुन्या चामड्याचे तुकडे शिवलेस. एका पैशाचा खर्च नाही. हे आले, दोन्ही हातांनी जू धरून हलवून बघितलं आणि म्हणाले, "बठनं." घट्ट बसलं म्हणे! ह्यांच्या तोंडून एवढं कौतुक माझ्या स्वयंपाकालाही कधी मिळालेलं नाही. तू दिवसभर सगळ्यांना सांगत फिरलास, पाव्हणे बठनं म्हणाले.

पुढली आखाजी, पक्कं.

आणि चैत्रात तू गेलास. कसा गेलास ते मी लिहिणार नाही. ज्यांना माहीत असायला हवं त्यांना माहीत आहे, आणि मला ते पुन्हा एकदा बघायचं नाही.

तुझे दिवस झाल्यावर मी गोठ्यात गेले. खुंटीला नवाकोरा दोर लटकत होता. दर वर्षी माझ्या झोक्यासाठी तू नवा दोर आणायचास, यंदाही आधीच आणून ठेवला होतास. घरात दुःख, यंदा झोका कसला? पण आखाजी हा सणच तसला. ज्या दिवशी लेकी झोक्यावर बसतात, त्याच दिवशी घरोघरी गेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरून ठेवतात. आजवर त्या दिवशी मी नुसती लेक होते. वहिनी म्हणाली, यंदा घागर त्यांची, पाणी तुम्ही आणा. मी होडीवरून हात फिरवत उभी होते. मागून हे आले. खुंटीवरचा दोर काढला, बोटांत चुरून बघितला आणि मला विचारलं, "कोरडाच बांधानं ना?"

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. इतकी वर्षं तो माणूस मोटारीला टेकून सगळं ऐकत होता. म्हटलं, "हो. कोरडाच."

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. दोन्ही होड्या वर, तुझ्या जुवांवर, माझ्या झोक्याच्या दोराने बांधलेल्या. मांडीवर सांजोऱ्यांऐवजी घागर. ऊन तसंच, वारा तसाच. जिथे माझी होडी पडली होती ती जागा आली, गेली. मी श्वास धरून वर कान लावून बसले होते. घाट लागला, कच्चा रस्ता, मोटार डावीउजवीकडे हिंदकळत होती. वर काही म्हणजे काही हललं नाही. एका वळणावर मला वाटलं, एकदा तरी सरक गं बाई, म्हणजे दोराचं माझं म्हणणं खोटं पडेल आणि माझा भाऊ खरा ठरेल.

तलाव तू सांगितला होतास त्याहून मोठा आहे. माणूस नाही, काणूस नाही. एक पावरा आदिवासी बाई तेवढी शेळ्या पाजायला आली होती. ह्यांनी माझी होडी पाण्यात सोडली. मी पदर खोचला, पाण्यात उतरले. ती बाई न बोलावता आली आणि होडीचं टोक धरून उभी राहिली, म्हणाली, "बस, मी धरते." निदान मला तसं ऐकू आलं.

मी पाय आत घातले आणि खाली बसले, आणि मधेच अडकले. भाऊ, मी त्या भोकात मावत नव्हते. या बाजूने बघितलं, त्या बाजूने बघितलं, श्वास ओढून बघितला. कंबर आत जाईचना. पावरा बाई आधी तोंड दाबून हसली, मग मोकळी हसली, मग मीही हसायला लागले, आणि हसता हसता माझं काय झालं ते मला आवरेना. ती बिचारी घाबरली आणि माझी पाठ थोपटत राहिली.

तू कुठल्या जमनीचं माप घेतलं होतंस रे? फौजेत जाताना बघितलेल्या पोरीचं. पाठीला भोपळा बांधणाऱ्या पोरीचं. परत आलास तेव्हा मी दोन पोरांची आई होते, पुढे चार पोरांची झाले, दर आखाजीला समोर उभी राहत होते, आणि तुला दिसत होती तीच. मलाही कळलं नाही. मीही हात फिरवताना तीच असायची. होडी केलीस तेव्हाच ती मला लहान होती, भाऊ. त्या बांबूच्या दिवशी आपण इथे पोचलो असतो तरी मी हीच अशी अडकले असते.

पण पोचलो असतो तर तू बघितलं असतंस ना! आधी खजील झाला असतास. मग म्हणाला असतास, बहीन, तू जाडी व्हई गई. मी पाणी उडवलं असतं. आणि परत जाऊन त्याच महिन्यात तू मला मोठी होडी करून दिली असतीस, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. आपण भांडत होतो दांड्यांवरून, आणि एकदा, फक्त एकदा पाण्याशी पोचायला हवं होतं. हे मला सहन होत नाही. आई गेली ते सहन केलं, तू गेलास तेही लोक म्हणतात होईल, पण हे नाही होत.

ह्यांनी माझी होडी काठावर ओढली आणि तुझी पाण्यात सोडली. तुझी ऐसपैस. तुझ्या जागेत मी नीट मावले. आत पायाशी तुझी जुनी गोणपाटाची घडी होती, टेकायला. ह्यांनी घागर माझ्या पुढ्यात दिली. वल्हं धरलं तर हात आपोआप बरोबर पडले. मोटारीत मागे वळून वळून तू हवेत शिकवलं होतंस ते. काठ मागे गेला. ह्यांनी ओरडून सांगितलं, "सावकाश." पावरा बाईने हात वर केला. मधोमध गेल्यावर मी वल्हं आडवं ठेवलं आणि थांबले. पाणी खाली हलत होतं, वर मी. भोपळा सोडून घेतलास त्या दिवशी वाटलं होतं तसंच वाटलं. तुला एक ठेवून द्यावीशी वाटली, पण शेजारी कुणी नव्हतं.

तिथे मी घागर भरली. दुसऱ्या दिवशी, आखाजीला, वहिनीने ती तुझ्या नावाने ठेवली, वर खरबूज ठेवलं. तिने विचारलं, पाणी कुठलं आणलं? मी सांगितलं, तोरणमाळचं. ती घागरीकडे बघून म्हणाली, "शेवटले गयात एकदाना."

येताना दोन्ही होड्या पुन्हा टपावर चढवल्या, पुन्हा तोच दोर, कोरडा. घाट उतरलो, शहादा आलं, प्रकाशा आलं. उतरून मी स्वतः हात लावून बघितलं. दोर बांधला होता तसाच कडक. होडी बोटभर सुद्धा सरकली नव्हती.

चूक दोराची होती, भाऊ. बांबूची नव्हती. इतक्या वर्षांचं भांडण मी जिंकले. तू म्हणशील, जू चपटं होतं म्हणून.

ये ना. एकदा तरी मान हलव.